«डोळे मिटले तरी घड्याळ चालूच असतं»: अंधेरीतील एका आरोग्यविमा कार्यालयातील सजगता उपक्रमाचा प्रकरण अभ्यास

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूच्या एका टीपीए कार्यालयात, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने रुग्णालयांचे आरोग्यविमा दावे तपासणाऱ्या संस्थेत, २०२५ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात मी सजगतेचा, प्रचलित शब्दात माइंडफुलनेसचा, आठ आठवड्यांचा उपक्रम घेतला. संस्थेचे नाव येथे दिलेले नाही आणि कोणाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. उपक्रम ज्या रीतीने आखला होता त्या रीतीने तो यशस्वी झाला नाही. मात्र आखणीत ज्याला दुय्यम स्थान होते त्या एका साध्या नोंदवहीमुळे कामाच्या ताणाचे मूळ सापडले, आणि त्यातील काही भाग दूर करता आला. या लेखाचा भर म्हणून त्या नोंदवहीवर आहे.

कामाचे स्वरूप

ज्या विभागात मी गेले तेथे कॅशलेस उपचारांची पूर्वमंजुरी दिली जाते. रुग्ण दाखल झाला की रुग्णालयातील विमा कक्ष कागदपत्रे पाठवतो. कार्यालयातील वैद्यकीय अधिकारी, जे बहुतेक आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर आहेत, निदान, पॉलिसीतील अटी आणि खर्चाचा अंदाज पडताळतात. मग मंजुरी जाते किंवा शंका विचारली जाते, जिला तेथे सगळे ‘क्वेरी’ म्हणतात. उपचार वाढले तर वाढीव रकमेची विनंती येते आणि घरी सोडताना अंतिम बिल येते. विभागात दिवसाच्या दोन पाळ्यांत मिळून बावीस माणसे होती. रात्री दोघेच असत.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २९ मे २०२४ रोजी काढलेल्या मुख्य परिपत्रकानुसार कॅशलेसची मागणी आल्यापासून एका तासाच्या आत आणि डिस्चार्जची मागणी आल्यापासून तीन तासांच्या आत निर्णय देणे बंधनकारक झाले. डिस्चार्जला उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर तो खर्च विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायचा आहे. रुग्णाच्या दृष्टीने हा नियम चांगलाच आहे. मंजुरीची वाट पाहत बिलाच्या काउंटरसमोर दिवस घालवलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही. मात्र त्या एका तासाची जबाबदारी कंपनीकडून टीपीएकडे, टीपीएकडून विभागप्रमुखाकडे आणि तेथून टेबलावर बसलेल्या माणसाकडे उतरत आली, आणि उतरताना अधिकार मात्र वरच राहिले. दावा नाकारण्याचा निर्णय विमा कंपनीचा असतो. ठरावीक रकमेपुढची मंजुरी वरिष्ठांकडे जाते. अपुरे कागद पाठवणाऱ्या रुग्णालयावर या कर्मचाऱ्याचा काहीच अंमल नसतो. क्वेरी काढली तर रुग्णालय चिडते, न काढता मंजुरी दिली तर पुढे ऑडिटमध्ये फाइल अडकते, आणि या दोन्हींच्या मध्ये रुग्णाचा मुलगा फोनवर असतो.

त्यात जुलै महिना. मुंबईत पावसाळा म्हणजे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो आणि पोटाचे विकार, म्हणजेच भरती होणाऱ्या रुग्णांची वाढ. ज्या दिवशी लोकल बंद पडून निम्मी माणसे वेळेवर पोहोचत नाहीत, नेमक्या त्याच दिवसांत कामाचा ढीग सर्वांत उंच असतो.

मागणी, आणि माझी पहिली चूक

मनुष्यबळ विभागाने मला बोलावले त्याचे कारण त्यांच्या पत्रात ‘कर्मचाऱ्यांची मानसिक लवचिकता वाढवणे’ असे दिले होते. प्रत्यक्षात चार महिन्यांत पाच जणांनी नोकरी सोडली होती, आणि एका वैद्यकीय अधिकाऱ्याने रुग्णाच्या नातेवाइकावर आवाज चढवल्याची तक्रार विमा कंपनीपर्यंत पोहोचली होती. मी ते काम स्वीकारले. लवचिकता कोणी आणि कशासमोर दाखवायची हे विचारायला हवे होते, ते मी त्या बैठकीत विचारले नाही.

ज्या अभ्यासक्रमाचा आधार घेतला तो जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला आहे. तो जुनाट वेदनांच्या रुग्णांपासून सुरू झाला. आठ आठवडे, दर आठवड्याला सुमारे अडीच तासांचा वर्ग, घरी रोज पाऊण तासाचा सराव आणि मध्ये एक पूर्ण दिवस मौनाचा, असा त्याचा साचा आहे. मनात आणि शरीरात या क्षणी जे चालले आहे त्याकडे हेतुपूर्वक, पण बरे-वाईट न ठरवता लक्ष देणे हा त्याचा गाभा. मला मिळाला बुधवारी दुपारचा अर्धा तास, तोही जेवणाच्या सुट्टीतला, आणि हजेरी सक्तीची. घरच्या सरावासाठी डोंबिवली, विरार, बदलापूर येथे राहणाऱ्या आणि रोज तीन-साडेतीन तास प्रवासात घालवणाऱ्या माणसांकडून पाऊण तास मागण्याचे धाडस मी केले नाही.

पहिल्या बुधवारी सभागृहात वीस खुर्च्या मांडल्या होत्या. बाहेर विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचा आवाज होता. तो मला अडचणीचा वाटला नाही, कारण आवाज ऐकून सोडून देणे हाही सरावच आहे. अडचण निराळी होती. मी डोळे मिटायला सांगितले तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका वरिष्ठ कर्मचारी बाई म्हणाल्या, «मॅडम, डोळे मिटले तरी घड्याळ चालूच असतं. माझ्या नावावर आत्ता चार फाइली आहेत.» लोक हसले. पुढच्या आठवड्यात मला कळले की आमच्या सत्राला विभागात ‘डोळे मिटायचा तास’ म्हणतात आणि त्या तासासाठी अर्धे लोक डबा उभ्याने संपवतात. ताण कमी करण्यासाठी घेतलेल्या सत्राने दिवसातला एकमेव निवांत वेळ खाल्ला होता.

तिसऱ्या बुधवारपासून सत्र पाळी बदलण्याच्या वेळी, कामाच्या वेळेत, वीस मिनिटांचे केले आणि हजेरी ऐच्छिक केली. संख्या बावीसवरून अकरावर आली. त्या अकरांबरोबर काम करणे मात्र शक्य झाले.

इगतपुरीहून आलेला आक्षेप

याच काळात विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, ज्यांना सगळे दादा म्हणत, मला बाजूला घेऊन जे सांगितले त्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे. त्यांनी इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केलेले होते. ते म्हणाले, «तिथे दहा दिवस बोलायचं नसतं. इथे दहा मिनिटं हेडसेट काढायची परवानगी नाही. मग हे तेच आहे असं कसं म्हणता?»

त्यांचा आक्षेप रास्त होता, आणि त्याच्या मागे एक इतिहासही आहे. कार्यालयात ध्यान ही कल्पना अमेरिकेतून आपल्याकडे आली असा समज असला, तरी इगतपुरीचे विपश्यना केंद्र उभारणारे सत्यनारायण गोएंका यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते आणि त्यांनी आपल्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांना साधना शिकवली होती. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले तेव्हा त्यांचे पहिले शिबिर मुंबईतच झाले. पण या कथेतला एक तपशील सहसा सुटतो. ऊ बा खिन हे त्या कार्यालयाचे प्रमुख होते. कामाची पद्धत बदलण्याचा अधिकार साधना शिकवणाऱ्याच्याच हाती होता. माझ्या समोर बसलेल्या अकरांपैकी एकालाही साधा फोन बंद ठेवण्याचा अधिकार नव्हता, आणि मलाही नव्हता.

कबात-झिन यांनी आपला अभ्यासक्रम सुरू केला त्याच १९७९ साली रॉबर्ट कॅरासेक यांनी कामाच्या ताणाविषयी जे प्रतिपादन केले ते येथे तंतोतंत लागू पडते: केवळ काम जास्त असल्याने माणूस खचतो असे नाही, काम जास्त आणि त्यावरचे नियंत्रण कमी असे एकत्र आले की ताण सर्वांत घातक होतो. एकाच वर्षी मिळालेल्या या दोन उत्तरांपैकी कार्यालये पहिलेच उचलतात, कारण ते स्वस्त आहे आणि त्यासाठी कोणाचा अधिकार कमी करावा लागत नाही. मीही तेच घेऊन गेले होते.

नोंदवही

चौथ्या आठवड्यापासून मी सरावाची दिशा बदलली. शांत होण्याचा प्रयत्न सोडून द्या आणि ताण नेमका कधी चढतो एवढेच बघा, असे सांगितले. छाती आवळली, जबडा घट्ट झाला, खांदे वर गेले, हात गार पडले असे जाणवले की एका छोट्या वहीत तीन गोष्टी लिहायच्या: वेळ, त्या क्षणी पडद्यावर किंवा कानात काय होते, आणि शरीरात कुठे जाणवले. का, कोणामुळे, बरोबर की चूक, यांपैकी काहीही लिहायचे नाही. वही स्वतःपाशी ठेवायची आणि सत्रात वाटले तर वाचायची.

सजगतेचा हा सर्वांत रुक्ष आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी भाग आहे. शरीर ताणाची बातमी मनाच्या आधी देते. पण दिवसभर कामात असलेला माणूस ती सायंकाळी एकदम, ‘आज डोकं उठलंय’ अशा एका वाक्यात ऐकतो. त्या वाक्यातून काहीच दुरुस्त करता येत नाही. ‘४:१०, घड्याळ केशरी झाले, घसा’ या नोंदीतून करता येते.

दोन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्या तेव्हा पहिले आश्चर्य हे की ज्याविषयी सगळे तक्रार करत होते, त्या नातेवाइकांच्या रागाच्या फोनविषयी नोंदी तुलनेने कमी होत्या. फोन संपला की बहुतेकांचे शरीर काही मिनिटांत सैलावत होते. सर्वांत जास्त नोंदी होत्या पडद्यावरील, प्रत्येक फाइलचा तास मोजणाऱ्या घड्याळाच्या. चाळिसाव्या मिनिटाला फाइलचा रंग हिरव्याचा केशरी होई, आणि रुग्णालयाच्या उत्तरासाठी थांबलेल्या फाइलींचाही रंग तसाच बदलत असे. म्हणजे कर्मचाऱ्याने आपले काम पूर्ण केले होते, चेंडू दुसऱ्याच्या अंगणात होता, आणि इशारा मात्र याच्या डोळ्यांसमोर पेटत होता. एका तरुण डॉक्टर मुलीच्या वहीत तीन दिवस ओळीने एकच नोंद होती: «केशरी. करण्यासारखं काही नाही. पोट.»

दुसरा पुंजका सायंकाळी साडेपाचच्या आसपासचा. त्या वेळी विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर उशीर झालेल्या फाइलींचा स्क्रीनशॉट नावांसह पडत असे. ज्यांचे नाव त्यात नसे त्यांच्याही नोंदी पाच वाजल्यापासून सुरू होत, म्हणजे शिक्षा होण्याआधीच शरीर तयारीला लागत होते. तिसरा पुंजका फाइल अर्धी वाचून झाली असताना फोन घ्यावा लागल्याचा: परत आल्यावर बिल पहिल्या पानापासून वाचावे लागे, आणि घड्याळ थांबलेले नसे. चौथी गोष्ट एकाच ताईंच्या वहीत होती, पण त्यांनी वाचून दाखवल्यावर सहा-सात जणांनी मान डोलावली. डॉक्टरांच्या सकाळच्या फेरीनंतर रुग्णालये बिले तयार करतात, म्हणून डिस्चार्जच्या फाइली दुपारनंतर लोंढ्याने येतात. पाळी संपायच्या दहा मिनिटे आधी आलेली फाइल ज्याच्या नावावर पडली तोच ती संपवणार, असा अलिखित नियम होता. ताईंना घाटकोपरपर्यंत मेट्रोने जाऊन बदलापूर लोकल पकडायची असे. ती गाडी चुकली की पुढचीत चढायला मिळेल याची खात्री नाही, आणि घरी मुलगा एकटा. त्यांच्या वहीत ५:५० ही वेळ नऊ वेळा होती.

काय बदलले

नोंदी कोणाच्या आहेत हे न सांगता त्यांचा गोषवारा घेऊन मी आणि विभागाच्या टीम लीडर बाई कामकाजप्रमुखांकडे गेलो. टीम लीडर येतील की नाही याची मला शंका होती, कारण गटावर स्क्रीनशॉट टाकणाऱ्या त्याच होत्या. त्या आल्या, आणि बैठकीत त्यांनी सांगितले की साडेपाचला वरून त्यांना विचारणा होते, म्हणून त्या सव्वापाचपासून तो स्क्रीनशॉट तयार करत बसतात. त्यांनीही वही ठेवली होती हे मला तेव्हाच कळले.

तीन बैठका आणि बरीच घासाघीस झाल्यावर जे मान्य झाले ते असे. क्वेरी पाठवून उत्तराची वाट पाहणाऱ्या फाइली राखाडी रंगात, वेगळ्या रांगेत दाखवायच्या. नियामकाच्या दृष्टीने घड्याळ चालूच राहते, ते थांबवणे कोणाच्याच हाती नाही, पण ज्याच्याकडे करण्यासारखे काही उरलेले नाही त्याच्या डोळ्यांसमोर ते पेटवायचे नाही. रुग्णालयाकडे पाठपुरावा करण्याचे काम एका व्यक्तीकडे द्यायचे. तासातासाने आळीपाळीने दोघांनी फक्त फोन घ्यायचे आणि त्या वेळात त्यांच्या नावावर नवी फाइल टाकायची नाही. उशिराची यादी गटावर न टाकता ज्याची त्याला द्यायची. पाळीच्या शेवटच्या वीस मिनिटांत येणाऱ्या फाइली पुढच्या पाळीच्या रांगेत जातील. शेवटच्या मुद्द्यावर प्रमुख सर्वांत जास्त अडले, आणि तोच सर्वांत स्वस्त होता.

श्वासाचे सरावही राहिले, पण लहान होऊन. नवी फाइल उघडण्याआधी दोन्ही हात टेबलावर ठेवून तीन श्वास, प्रत्येक वेळी सोडणे घेण्यापेक्षा लांब. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, त्यामुळे लांब उच्छ्वासाचा परिणाम कल्पनेतला नसतो. परतीच्या मेट्रोत उभे असताना मोबाइल न काढता दोन स्थानके फक्त तळपायांकडे लक्ष देणे, हा सराव माझा नव्हे, एका कर्मचाऱ्याने स्वतः काढलेला. आडवे पडून करायचे शरीर-निरीक्षण मात्र जागेअभावी आणि संकोचाने पहिल्याच आठवड्यात मागे पडले.

ज्यांना हे मानवले नाही

एका प्रसंगाची जबाबदारी माझी आहे. दुसऱ्या सत्रात, हजेरी अजून सक्तीची असताना, श्वासावर लक्ष ठेवायला सांगितल्यावर एका कर्मचारी बाईंना घाबरल्यासारखे होऊन त्या उठून बाहेर गेल्या. नंतर त्यांनी सांगितले की २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांनी वडिलांना श्वासासाठी धडपडताना पाहिले होते. श्वास हे तटस्थ, सर्वांना सुरक्षित असे ध्यानाचे आलंबन आहे असे आपण गृहीत धरतो. या शहरात ते गृहीत धरायला नको होते, आणि रोज रुग्णालयांची कागदपत्रे हाताळणाऱ्या विभागात तर मुळीच नको होते. आघाताचा अनुभव असलेल्या काही व्यक्तींना ध्यानामुळे त्रास वाढू शकतो हे अभ्यासकांनी नोंदवलेले आहे. सुरुवातीला प्रत्येकाशी पाच मिनिटे खाजगीत बोलणे हा माझ्या कामाचा भाग होता, तो मी वेळेअभावी गाळला. त्यांना चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे पाठवले, सत्रात डोळे उघडे ठेवून आवाजांवर लक्ष देण्याचा पर्याय सर्वांसाठी खुला केला, आणि टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी मदत क्रमांक सूचनाफलकावर लावला. त्या पुन्हा सत्राला आल्या नाहीत. वही मात्र त्यांनी ठेवली.

परिणाम कसा वाचावा

सुरुवातीला आणि शेवटी शेल्डन कोहेन यांची दहा प्रश्नांची जाणवणाऱ्या ताणाची प्रश्नावली भरून घेतली होती. शेवटपर्यंत राहिलेल्या अकरांपैकी बहुतेकांचे गुण उतरले. मनुष्यबळ विभागाला त्यांची सरासरी अहवालाच्या पहिल्या पानावर हवी होती, ती मी दिली नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. जे कंटाळून गेले त्यांची मोजणीच झाली नाही. गणपतीला कोकणात जाऊन आलेली माणसे तशीही ताजीतवानी असतात, आणि त्या आठवड्यात सत्रही झाले नव्हते. शिवाय सप्टेंबरअखेर पावसाळी आजारांचा भर ओसरू लागतो, तेव्हा फाइलीच कमी होतात. यातले सजगतेमुळे किती आणि पाऊस सरल्यामुळे किती, हे अकरा माणसांवरून सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरले असते.

मोठ्या पाहण्यांचे चित्रही संमिश्र आहे. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात ध्यानामुळे चिंता आणि नैराश्याची लक्षणे अल्प ते मध्यम प्रमाणात कमी होतात असे दिसले होते. विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीवर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र, सजगता, लवचिकता प्रशिक्षण यांसारख्या व्यक्तीकेंद्री उपक्रमांत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा बरे असल्याचे आढळले नाही. मला या दोन निष्कर्षांत विरोध दिसत नाही. पहिल्यात स्वतःहून आलेला माणूस पुरेसा वेळ देऊन सराव करतो. दुसऱ्यात तोच सराव कार्यालयाच्या उपक्रमांच्या यादीत येतो आणि काम होते तसेच राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या खचलेपणाची व्याख्या नीट हाताळल्या न गेलेल्या कार्यस्थळावरील दीर्घ ताणाचा परिणाम अशी केली आणि त्याला आजारांत गणले नाही. दुरुस्ती कुठे करायची याचा निर्देश त्यातही आहेच.

डिसेंबरात मी पुन्हा त्या कार्यालयात गेले. राखाडी रांग आणि फोनची आळीपाळी टिकून होती. शेवटच्या वीस मिनिटांचा नियम कागदावर होता, पण सुट्ट्यांमुळे माणसे कमी असली की मोडत होता. गटावर नावे पडणे बंद होते. पाळी बदलताना पाच-सहा जण वीस मिनिटे बसत, बाकीचे तेवढ्यात चहा घेत, आणि दोन्हींना कोणी हरकत घेत नव्हते.

रात्रपाळी आमच्या उपक्रमात कधीच नव्हती, कारण सत्रे दिवसा झाली. तेथील एका डॉक्टरांनी निघताना मला थांबवून विचारले, «मॅडम, फोन एकाने आणि फाइल दुसऱ्याने, हे बावीस जणांत जमतं. आम्ही दोघंच असतो. एक जेवायला गेला की?» मी तो प्रश्न कामकाजप्रमुखांना लेखी पाठवला आहे. तिसऱ्या माणसाच्या मंजुरीची फाइल अजून वर आहे.